नाना फडणवीस : पानिपत ते सदाशिव पेठेचा हौद

दिल्लीशी भानू घराण्याचा संबंध पानिपतपेक्षा बेचाळीस वर्षांनी जुना आहे. सन १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ सय्यद बंधूंच्या साहाय्यार्थ दिल्लीस आले, तेव्हा त्यांच्या विश्वासातील मंडळींत बाळाजी महादजी भानू हे कोकणातील वेळासचे गृहस्थ होते. बादशहा फर्रुखसियर याला पदच्युत करण्याच्या धामधुमीत शहराच्या रस्त्यांवर दंगा उसळला, दीड-दोन हजार मराठे कापले गेले आणि त्यांत बाळाजी महादजीही पडले. पेशव्यांवर येणारे मरण त्यांनी आपल्यावर ओढवून घेतले, अशी घराण्याची परंपरा सांगते. या उपकाराची जाणीव पेशव्यांनी ठेवली आणि फडणिशी भानूंच्या घरात स्थिर झाली. दिल्लीत मृत्यू पावलेल्या या आजोबांचेच नाव ज्याला ठेवण्यात आले, तो नातू म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. इतिहास त्यांना नाना फडणवीस म्हणून ओळखतो.

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. वडील जनार्दनपंत हे फडणिशीचे काम पाहत. नाना चौदा वर्षांचे असताना ते वारले आणि मिसरूडही न फुटलेल्या मुलाच्या खांद्यावर राज्याच्या जमाखर्चाचा भार आला. नानासाहेब पेशव्यांनी त्यांना घरच्या मुलासारखे वागविले. पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव हे नानांच्याच वयाचे, त्याच वर्षी जन्मलेले. शरीराने नाना कृश आणि प्रकृतीने नाजूक होते. तलवारीपेक्षा लेखणी त्यांना अधिक मानवणारी, आणि मन तीर्थयात्रेकडे ओढ घेणारे. अशा मुलाने रणांगण पाहावे असे कोणालाही वाटले नसते. परंतु सन १७६० च्या मार्च महिन्यात सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले, तेव्हा नानाही मातोश्री रखमाबाई आणि पत्नी यशोदाबाई यांच्यासह लष्कराबरोबर निघाले. लढाई होईल ती होईल, निदान मातोश्रींना यमुनास्नान आणि मथुरा-वृंदावन घडेल, असा त्या काळच्या अनेक कुटुंबांचा हिशेब होता. हा हिशेबच पुढे भाऊंच्या गळ्यातील धोंड ठरला, हे येथे सांगितले पाहिजे. लढणाऱ्यांच्या मागे न लढणाऱ्यांचा एवढा मोठा समुदाय होता की त्याला धान्य, चारा आणि पाणी पुरविणे हीच एक स्वतंत्र मोहीम होऊन बसली.

ऑगस्ट १७६० मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली. पावसाने फुगलेली यमुना दोन्ही सैन्यांच्या मध्ये आडवी पडली होती. ऑक्टोबरात भाऊंनी कुंजपुरा जिंकला; पण त्याच महिन्याच्या अखेरीस अहमदशहा अब्दाली बागपताजवळ नदी उतरून अलीकडे आला आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा मार्ग तुटला. त्यानंतर पानिपत गावाच्या आश्रयाने खंदक खणून मराठ्यांचा तळ पडला, तो अडीच महिने तेथेच कोंडून राहिला.

पानिपतच्या पराभवाची कारणे सांगताना आपण सेनापतींच्या मतभेदांविषयी, तोफांविषयी, विश्वासरावांना लागलेल्या गोळीविषयी बोलतो. त्या अडीच महिन्यांत खंदकाच्या आत काय चालले होते त्याविषयी फारसे बोलत नाही. लाखावर माणसे, हजारो घोडे, बैल, उंट आणि हत्ती एवढ्याशा जागेत दाटलेले. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसद जवळजवळ बंद झाली. चाऱ्यावाचून जनावरे मरू लागली आणि जिथे पडली तिथेच कुजू लागली. त्या दुर्गंधीचा उल्लेख समकालीन वृत्तांतांत आहे. अशा तळावरील विहिरींचे आणि तळ्यांचे पाणी कसे झाले असेल, हे समजण्यास कागदपत्रांची गरज नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी संक्रांतीच्या सुमारास जे लोक लढण्यासाठी बाहेर पडले, ते अर्धे अधिक आधीच खचलेले होते. काला अंबच्या त्या मैदानावर आज आपण फुले वाहतो ती तलवारीने पडलेल्यांना. तळावरच्या उपासमारीने आणि घाणीने गिळलेल्यांची गणती कोणत्याच यादीत नाही.

त्या दिवशी नाना भाऊंच्या जवळपास होते. विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत दिसेनासे झाले आणि सायंकाळपर्यंत सगळे संपले. पुढची हकीकत नानांनी आपल्या त्रोटक आत्मचरित्रात सांगून ठेवली आहे. मराठीतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी हे एक. त्यात शौर्याचा आव नाही आणि स्वतःच्या दुर्बलतेवर पांघरूणही नाही. घोडा आणि अंगावरची वस्त्रे टाकून एकोणीस वर्षेही पुरी न झालेला हा तरुण रात्रीच्या अंधारात पायी निघाला. सोबतचे लोक वाटेत कापले गेले, जखमी झाले. नाना उंच गवतात लपून वाचले. झाडाची पाने चावून दिवस काढले, वाटेत कोणी बैराग्याने अन्न दिले आणि मजल दरमजल करीत ते रेवाडीस पोहोचले. पत्नी सुखरूप असल्याचे पुढे कळले. मातोश्री मात्र पुन्हा दिसल्या नाहीत. आज रेवाडी, सोनपत, गुडगाव ही आपल्या मंडळातील कित्येक कुटुंबांच्या पत्त्यांवरची गावे आहेत. याच वाटांनी ते अनाथ पोर एकेकाळी दक्षिणेकडे चालत गेले.

नाना डीग, ग्वाल्हेर करीत परतले. पुण्यात पेशव्यांच्या घराची अवकळा झाली होती. पानिपतच्या धक्क्यातून नानासाहेब सावरलेच नाहीत; २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला. याच नानासाहेबांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या घाटाखाली तलाव बांधवून तेथून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ आणला होता. ते काम त्यांच्या इतर पराक्रमांपुढे फिके पडते; पण पेशव्यांच्या पुण्याला पुणे केले ते या नळाने, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मुठेच्या काठच्या कसब्याची राजधानी झाली, लोकवस्ती वाढली, आणि नदीचे व विहिरींचे पाणी तिला पुरेसे नव्हते.

नानांच्या राजकारणाची कथा मराठी वाचकाला परिचित आहे, म्हणून ती येथे थोडक्यात. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत ते कामात मुरले. १७७२ मध्ये माधवराव गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा वाड्यातच खून झाला. तेव्हा राघोबादादांच्या विरुद्ध जी बारभाईंची मसलत उभी राहिली, तिचे डोके नाना आणि सखारामबापू. १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने त्यांनी राज्य चालविले. वडगावला इंग्रजांना नमविले, १७८२ च्या सालबाईच्या तहाने युद्ध मिटविले. उत्तरेत महादजी शिंद्यांनी पानिपतचा डाग पुसून दिल्लीचा बादशहा पुन्हा तख्तावर बसविला. नाना स्वतः मात्र पुन्हा उत्तरेत आले नाहीत. पुण्यात फडावर बसून हिंदुस्थानभरच्या बातम्या गोळा करीत राहिले. त्यांचे दोषही लहान नव्हते. संशयी स्वभाव, सत्तेचा लोभ, संपत्तीचा संचय, एकामागून एक केलेले विवाह आणि बालपेशव्यावरील कडक पहारा, या सर्वांची किंमत राज्याने मोजली. घाशीराम कोतवालाला त्यांनी पुण्याच्या डोक्यावर बसविले आणि १७९१ मध्ये शहराने त्याचा दगडांनी सूड घेतला, तेव्हा नानांच्या कारभारालाही तो दगड लागलाच. रंगभूमीवरच्या नानांना पाहून ज्यांनी आपले मत बनविले, त्यांना अर्धा माणूस दिसला. पण तो अर्धाही खोटा नव्हता.

दुसरा अर्धा पुण्याच्या जमिनीखाली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नानांनी नऱ्हे-आंबेगावच्या बाजूच्या झऱ्यांचे पाणी गोळा करवून एक स्वतंत्र नळ पुण्यात आणला आणि सदाशिव पेठेत हौद बांधून त्यात सोडला. सरदार रास्ते यांनीही आपल्या पेठेसाठी असाच नळ आणला होता. त्यामुळे या कल्पनेचे सारे श्रेय नानांना देता येत नाही. पण सदाशिव पेठ हे नाव सदाशिवरावभाऊंचे. ज्या भाऊंना नानांनी पानिपतच्या गर्दीत अखेरचे पाहिले, त्यांच्या नावाच्या पेठेला नानांनी पाणी दिले. पानिपतच्या तळावरील पाण्याची आठवण होऊन त्यांनी हे केले, असे मात्र कोणी म्हणू नये. तो कादंबरीकाराचा उद्योग आहे. वाढत्या पेठांना पाणी हवे होते आणि ते पुरविणे कारभाऱ्याचे काम होते, एवढे कारण पुरेसे आहे.

हे नळ कसे चालत, हे पाहण्यासारखे आहे. नळ म्हणताना आजचा लोखंडी नळ डोळ्यांपुढे आणू नये. जमिनीखाली दगड-चुन्यात बांधलेली ही बंदिस्त पाट होती; कात्रजच्या नळात तर माणूस उतरून चालू शकेल एवढी जागा आहे. पाणी केवळ उताराने वाहत येई. कात्रजला एकाखाली एक असे दोन तलाव, त्यामुळे गाळाचा मोठा भाग वरच्या तलावातच बसे. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले. त्यांतून हवा खेळे, आत उतरून साफसफाई करता येई, आणि तेथे पाण्याचा वेग मंदावून उरलासुरला गाळ तळाशी राही. शहरात आल्यावर नळाच्या शाखा वाड्यांत आणि सार्वजनिक हौदांत जात. शनिवारवाड्यातील हजारी कारंजे याच कात्रजच्या पाण्यावर उडे. हौदावर पहाटेपासून घागरी-कळशांची रांग लागे, पखालवाले पखाली भरून घेत.

आजच्या पाणीपुरवठ्याच्या शास्त्रात पाण्याच्या वयाला फार महत्त्व आहे. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी आपल्या तोटीपर्यंत येण्यास किती तास लागले, ते त्याचे वय. पाण्यात मिसळलेला क्लोरीन या प्रवासात सारखा कमी होत जातो. काही पाण्यातल्याच द्रव्यांशी संयोग पावून, काही वाहिनीच्या आतल्या बुरशी-गंजाशी. शहराच्या टोकाला, जेथे वाहिनी संपते आणि पाणी साचून राहते, तेथे तो नाहीसा होण्याची भीती असते. तोटीशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला पाहिजे, असे आपले भारतीय मानक सांगते. शेकडो मैलांच्या वाहिन्यांत कोणत्या घटकेला कोठे किती क्लोरीन असेल, हे प्रत्यक्ष मोजणे अशक्य; म्हणून अभियंते साऱ्या जाळ्याची प्रतिकृती संगणकात मांडतात आणि प्रत्येक सांध्यापाशी पाण्याचे वय व क्लोरीनचे प्रमाण गणिताने काढतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९३ मध्ये अशा गणिताची एपानेट नावाची प्रणाली सर्वांना खुली केली. आज जगभर ती वापरली जाते.

नानांच्या नळाला हे गणित लावले, तर त्याचे गुण आणि दोष दोन्ही स्वच्छ दिसतात. पाणी निर्जंतुक करण्यासाठी क्लोरीन वापरता येतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. मोठ्या शहराच्या पाण्यात तो नियमाने घालण्यास विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत थांबावे लागले. संरक्षण होते ते एवढेच, की उगम वस्तीपासून दूर उंचावर, वाटेत गाळ बसण्याची सोय, आणि पाणी रात्रंदिवस वाहते. हा शेवटचा गुण आपण आज गमावला आहे. आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून घटका-दोन घटका सुटते. मधल्या काळात वाहिन्या रिकाम्या होतात आणि शेजारच्या गटाराचे पाणी ढिल्या सांध्यांतून आत ओढले जाते. पेशवाईतला नळ कधी बंद होत नसे. परंतु त्यात दाबही नव्हता. म्हणून तो दाट वस्तीखालून गेला की शेतखान्यांचा पाझर आत येण्यास अडथळा नव्हता. शहर जसजसे त्याच्या डोक्यावर चढले, तसतसा धोका वाढला. शिवाय हौद उघडा, त्यात प्रत्येकाचा पोहरा बुडणार. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली एका सार्वजनिक पंपाशी पटकीचा संबंध जोडून दाखविला. निर्मळ दिसणारे पाणीही मारू शकते, हे ज्ञान नानांच्या पिढीला मिळण्यासारखे नव्हते.

येथे यमुनेकाठच्या आपल्या वाचकांसाठी थोडे विषयांतर केले तर चालेल. हिवाळ्यात, बहुधा संक्रांतीच्या आगेमागे, दिल्लीच्या कित्येक भागांत पाणी अपुरे येते आणि यमुनेत अमोनिया वाढल्याची बातमी वर्तमानपत्रांत छापून येते. क्लोरीन घातला की तो जंतूंकडे वळण्याआधी अमोनियाशी संयोग पावतो. अमोनियातील नायट्रोजनच्या एका भागाला सात-आठ भाग क्लोरीन खर्ची पडल्याखेरीज मुक्त क्लोरीन हाती लागत नाही. अमोनिया लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास गेला, की वजिराबाद आणि चंद्रावळ येथील केंद्रांना उत्पादन घटवावे लागते. हा अमोनिया येतो तो बराचसा वरच्या बाजूच्या हरियाणातील नाल्यांतून. त्यांत पानिपतच्या रंगाऱ्यांच्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचा दुसऱ्या क्रमांकाचा नालाही आहे. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २००९ च्या पाहणीत पानिपत अतिप्रदूषित क्षेत्रांत गणले गेले. काला अंबला नमस्कार करून आपण दिल्लीस परततो, तेव्हा त्या परिसराचे पाणीही यमुनेतून आपल्या मागोमाग येत असते.

पुण्याच्या हौदांचा आणखी एक दोष सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हे पाणी सर्वांचे नव्हते. ज्यांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले जाई, त्यांना या हौदांवर जागा नव्हती. शेतखान्याच्या पाझराने खरोखर बाटणाऱ्या पाण्याकडे कोणाचे लक्ष नव्हते आणि माणसाच्या सावलीने न बाटणाऱ्या पाण्याभोवती पहारा होता. नाना आपल्या काळाच्या पुढे नव्हते. या बाबतीत तर मुळीच नव्हते. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा नाना जाऊन अडुसष्ट वर्षे लोटली होती.

पाण्याच्या पावित्र्याविषयी नानांची श्रद्धा केवढी होती, याचे दुसरे उदाहरण काशीच्या वाटेवर आहे. कर्मनाशा नदीच्या पाण्याचा स्पर्श झाला तर यात्रेकरूचे पुण्य नष्ट होते, अशी समजूत. पाय न भिजविता ती ओलांडता यावी म्हणून नानांनी तिच्यावर पूल बांधण्यास हात घातला. काम त्यांच्या हयातीत तडीस गेले नाही. पुढे १८३१ च्या सुमारास काशीच्या राजा पटनीमल यांनी तो पूल पुरा केला. श्रद्धा कोणतीही असो, पुलाचा उपयोग सर्वांनाच झाला.

अखेरची वर्षे कष्टाची गेली. १७९४ मध्ये महादजी वारले. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजामावर मिळालेला विजय हा नानांच्या कारभाराचा कळस. त्याच वर्षी २७ ऑक्टोबर रोजी सवाई माधवराव वाड्याच्या माडीवरून कारंजावर पडून गेले आणि सारा डाव मोडला. दुसऱ्या बाजीरावांच्या आणि दौलतराव शिंद्यांच्या कारस्थानांत ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना कैद झाले, अहमदनगरच्या किल्ल्यात राहिले आणि १७९८ च्या जुलैत सुटून पुन्हा कारभारावर आले. परंतु ज्या राज्याचे जमाखर्च त्यांनी चार तपे लिहिले, त्याची शिल्लक आता संपली होती. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

अठरा वर्षांनी पेशवाई बुडाली. नळ वाहत राहिले. इंग्रजांनी १८७९-८० च्या सुमारास खडकवासल्याचे धरण पुरे केले, तेव्हा जुन्या नळांचे महत्त्व ओसरले. पुढे घरोघर तोट्या आल्या, बरेच हौद बुजले, काळा हौद आणि फडके हौद ही नावे चौकांना चिकटून राहिली. मग १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, खडकवासल्याचा बांधही त्याबरोबर गेला आणि पुण्याच्या तोट्या कोरड्या पडल्या. पानिपतला त्या वर्षी दोनशे वर्षे पूर्ण झाली होती. चिखलाने भरलेल्या त्या शहरात कात्रजच्या नळाचे पाणी चालूच होते, आणि जुने पुणेकर सांगतात की त्या दिवसांत पेठांतील बायका पुन्हा कळशा घेऊन त्या हौदांवर गेल्या.